मरायला पाठवायची पथकं: फँटसी वॉरगेममध्ये चॅफ कसं वापरावं

फँटसी वॉरगेम, म्हणजे टेबलावर बाहुल्यांची सैन्यं मांडून खेळायची काल्पनिक लढाई, नव्याने खेळू लागलेला माणूस बहुधा एकाच कारणाने हरतो. त्याला आपलं सगळं सैन्य जिवंत हवं असतं. स्वस्तातलं गॉब्लिनांचं किंवा शिकारी कुत्र्यांचं पथक तो घेतो खरा, पण मग एकतर ते मागच्या कोपऱ्यात जपून ठेवतो, नाहीतर पहिल्याच फेरीत नुसतं पुढे ढकलून फुकट घालवतो. जे पथक मरणारच आहे, ते कुठे, कधी आणि कोणत्या कोनात मरावं, याचा विचार त्याने केलेलाच नसतो.

अशा पथकांना जगभरचे खेळाडू चॅफ म्हणतात, आणि आपल्याकडच्या टेबलांवरही तोच शब्द रुळलाय. बुद्धिबळ खेळणाऱ्याला यातलं अर्धं आधीच ठाऊक असतं. २०२५ चा बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यातच झाला, त्यामुळे प्यादं देऊन वेळ आणि जागा कमावणं म्हणजे काय, हे इथे वेगळं समजावत बसत नाही. नवं आहे ते उरलेलं अर्धं. बुद्धिबळात प्यादं मारणारा मोहरा नेमका त्याच घरात येऊन थांबतो. इथे मारणारं पथक किती पुढे येईल, तोंड कुठे करेल, मागे सरकेल का, हे नियम आणि फासे ठरवतात. चॅफची सगळी विद्या या एका प्रश्नाभोवती आहे: माझं पथक मेल्यावर मारणारा नेमका कुठे उभा असेल?

आधी खेळ ठरवा

खालची उदाहरणं मुख्यतः दोन खेळांतली आहेत. एक मँटिक कंपनीचा ‘किंग्ज ऑफ वॉर’, त्याची २०१९ ची तिसरी आवृत्ती. दुसरा जुना ‘वॉरहॅमर फँटसी’. तो १९८३ मध्ये आला, २०१५ मध्ये ‘एज ऑफ सिग्मार’ने त्याची जागा घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने तो पुन्हा बाजारात आला. दोन्हींत पथकं चौकोनी रांगेत चालतात, प्रत्येकाला आघाडी, बगल आणि पिछाडी असते. चॅफ खरं खुलतं ते अशाच खेळात. ‘एज ऑफ सिग्मार’मध्ये बाहुल्यांखाली गोल बेस (चकत्या) असतात आणि बगल हा प्रकारच नसतो. तिथे स्वस्त पथकांचं मुख्य काम जागा व्यापून बसणं. आकाशातून किंवा जमिनीखालून अचानक उतरणाऱ्या शत्रूला तुमच्यापासून ९ इंचांहून लांबच उतरावं लागतं, म्हणून ती पथकं पसरून ठेवायची आणि आपल्या मौल्यवान माणसांभोवती उतरायला जागाच ठेवायची नाही. तेवढं कळलं तरी त्या खेळात सुरुवातीला पुरे.

नवशिक्याने किंग्ज ऑफ वॉरपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. तिथे एकेक बाहुली काढून ठेवावी लागत नाही, अख्खं पथक एका तबकडीवर असतं आणि मरेपर्यंत तसंच राहतं. नुकसान नुसतं शेजारी फासा ठेवून मोजायचं. म्हणजे तबकडीचं माप बरोबर असलं की वर काय उभं आहे याने खेळाला फरक पडत नाही. आणि मिनिएचर परदेशातून मागवताना टपाल आणि जकात मिळून जो आकडा होतो तो पाहिला की ही सवलत किती मोठी आहे ते कळतं.

पायरी १: पथकं स्वतः बनवा

दहा पायदळांच्या ट्रूपचं, म्हणजे लहान पथकाचं, माप १०० × ४० मिलिमीटर. पाच घोडेस्वारांच्या किंवा लांडगेस्वारांच्या ट्रूपचं १२५ × ५०. (२० मिलिमीटरचे पायदळ बेस आणि २५ × ५० चे घोडदळ बेस धरून. आजकाल पायदळासाठी २५ चेही चालतात, समोरच्याशी आधी बोलून घ्या.) या मापाचे तुकडे कापायचे आणि वर उभे कागदी सैनिक, प्लॅस्टिकचे खेळण्यातले शिपाई, जे असेल ते चिकटवायचं.

तुकडे एमडीएफचे करू नका. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते कडांना फुगतात आणि तबकडी डुगडुगते. म्हापशात, फोंड्यात, मडगावात फ्लेक्स-बॅनर छापणारी दुकानं आहेत. त्यांच्याकडे ३ मिलिमीटर सनबोर्डाच्या कापून उरलेल्या पट्ट्या असतात. मागितल्या तर बहुधा मिळतात. सनबोर्ड कटरने सहज कापला जातो आणि पाण्याला दाद देत नाही. खालून एखाद-दुसरा लोखंडी वॉशर चिकटवा, नाहीतर पंखा पाचवर गेला की तुमचं घोडदळ शत्रूच्या आधीच पंखा उडवतो. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारायचं टाळा, दमटपणाने रंगावर पांढुरकी झाक बसते. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या आणि घरातच काम करा.

टेबल ६ × ४ फुटांचं लागतं. प्लायवूडचा पत्रा ८ × ४ मध्ये येतो. दुकानातच कापून घ्या, उरलेल्या दोन फुटांत टेकड्या आणि घरं होतात.

आता एक सल्ला, जो रंगकामाची हौस असलेल्यांना आवडणार नाही. नरकासुराचा पुतळा दिवाळीच्या पहाटे जाळायचाच आहे हे ठाऊक असूनही आपल्या वाड्यावरची पोरं आठवडेच्या आठवडे त्याच्यावर खपतात आणि जाळताना हळहळत नाहीत. पण तेवढं काळीज सगळ्यांकडे नसतं. ज्या पथकाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या तुम्ही भिंगाखाली रंगवल्यात, ते पुढे ढकलताना तुमचा हात अडतो, हे मी भल्या भल्या खेळाडूंच्या बाबतीत पाहिलंय. चॅफवर तीन रंग पुरेत. उरलेली हौस ड्रॅगनवर करा.

पायरी २: किंमत मोजायला शिका

चॅफ किती मारतं यावर त्याची किंमत ठरत नाही. शत्रूचा किती वेळ खातं यावर ठरते. हिशोब साधा आहे. समजा शत्रूकडे ३०० पॉइंटचं (पॉइंट म्हणजे नियमांनी पथकाला लावलेली किंमत) नाइट घोडदळ आहे आणि खेळ सहा फेऱ्यांचा. म्हणजे त्या घोडदळाची एक फेरी ५० पॉइंटची. पण पहिल्या दोन फेऱ्या तर नुसत्या चालण्यात जातात, खरी मारामारी उरलेल्या चार फेऱ्यांत. तेव्हा एक फेरी प्रत्यक्षात ७५ पॉइंटची झाली. जुन्या वॉरहॅमरमध्ये हाय एल्फांचा महागरुड ५० पॉइंटला मिळायचा. त्याने नाइटांची एकच फेरी अडवली आणि मेला, तरी तुम्ही २५ पॉइंट वर आहात. दोन फेऱ्या अडवल्या तर विचारूच नका. स्केव्हनांचे (उंदीरमाणसांचे) गुलाम आणि ओगर राक्षसांचे छोटे चाकर नॉब्लार तर दर डोई २ पॉइंटला मिळत.

याच हिशोबातून उलटंही कळतं. ६० पॉइंटच्या शत्रूला अडवायला ५० पॉइंटचं चॅफ टाकणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. चॅफ समोरच्याच्या सगळ्यात महागड्या एक-दोन पथकांसाठी राखा.

२००० पॉइंटच्या सैन्यात अशी तीन-चार पथकं मला बरी वाटतात. दोन कमी पडतात, कारण एक बाणांनीच मरतं. सहा झाली की मारणारं कोणी उरत नाही. किंग्ज ऑफ वॉरमध्ये ट्रूप घेण्यासाठी मोठी पथकं घ्यावीच लागतात, एका रेजिमेंटमागे दोन ट्रूप, त्यामुळे हा तोल तुम्हाला फारसा बिघडवता येत नाही.

निवडताना वेग बघा. बाकी सगळं दुय्यम. मंद चॅफ नको तिथे मरतं. उडणारं किंवा लांडग्यांवरचं पथक हवं तिथे पोचतं, आणि हवं तिथे पोचणं हेच त्याचं काम.

पायरी ३: मांडणीतच फायदा घ्या

दोघे आळीपाळीने एकेक पथक मांडतात. चॅफ आधी मांडा. टेबलाच्या मध्यावर दोन कुत्र्यांची पथकं ठेवली तर तुमचा बेत काय ते समोरच्याला काहीच कळत नाही, पण त्याला मात्र काहीतरी मांडावंच लागतं. तीन-चार स्वस्त पथकं म्हणजे तीन-चार वेळा गप्प बसून बघायची संधी. त्याचे नाइट कुठे उतरले ते दिसलं की मग तुमचं मोठं पथक त्यांच्यासमोर की त्यांच्यापासून दूर, हे ठरवा. हा फायदा खेळ सुरू व्हायच्या आधीच मिळतो आणि बरेच जण तो घेतच नाहीत.

पायरी ४: अंतर

इथे जरा थांबून, इंचपट्टी हातात घेऊन वाचा.

किंग्ज ऑफ वॉरमध्ये पथक त्याच्या वेगाच्या दुप्पट अंतरावर चार्ज करतं, म्हणजे धावून हल्ला करतं. नाइटांचा वेग ८ इंच, म्हणजे चार्ज १६ इंच. तुमच्या पायदळाच्या हॉर्डचा, म्हणजे मोठ्या पथकाचा, वेग ५, म्हणजे १० इंच. दोघे सरळ एकमेकांकडे चालत गेले तर पहिला घाव नेहमी नाइटांचाच. ते १० ते १६ इंचांच्या मधल्या पट्ट्यात येऊन उभे राहतात. तुम्ही पोचत नाही, ते पोचतात. पायदळवाल्याला रडवणारा हाच तो पट्टा, आणि चॅफ त्यातच उभं करायचं.

नाइट तुमच्या हॉर्डपासून ११ इंचांवर आहेत असं धरा. तुम्ही मध्ये लांडगेस्वारांचं ट्रूप आणून ठेवता. शत्रूच्या पथकातून आरपार जाता येत नाही, तेव्हा नाइटांना ते आधी मारावं लागतं, नाहीतर वळसा घ्यावा लागतो, नाहीतर थांबावं लागतं. ते मारतात. चार्ज करून तुमच्या ट्रूपच्या पुढच्या कडेला भिडलेले असतात आणि ट्रूप उचललं की त्यांची आघाडी त्याच रेषेवर राहते. मग त्यांना थोडं सावरून घेण्याची मुभा असते: जागेवर राहणं, जागच्या जागी हव्या त्या दिशेला वळणं, एका फाशाइतकं पुढे जाणं, किंवा अर्ध्या फाशाइतकं, म्हणजे १ ते ३ इंच, मागे सरकणं. समोरचा खेळाडू हुशार असेल तर मागे सरकेल.

आता उलटं मोजा. तुमचा पल्ला १० इंच. शत्रू जास्तीत जास्त ३ इंच मागे जाईल, उरले ७. ट्रूपची खोली ५० मिलिमीटर, म्हणजे साधारण २ इंच, उरले ५. म्हणून ट्रूपची मागची कड तुमच्या हॉर्डच्या ५ इंच पुढे हवी, त्याहून लांब नको. मग नाइट काहीही करोत, पुढच्या फेरीत ते तुमच्या पल्ल्यात असतात आणि पहिला घाव तुमचा होतो. सहा-सात इंचांवर ठेवलंत तर साधारण अर्ध्या वेळेला ते मागे सरकून सुटतील आणि तुमचं ट्रूप फुकट गेलेलं असेल.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. ‘पल्ला वजा तीन वजा चॅफची खोली’ एवढं ध्यानात ठेवा आणि तुमच्या पथकाचे आकडे घाला. ड्वार्फांचा वेग ४ असतो, पल्ला ८, तेव्हा त्यांच्यापुढे चॅफ ३ इंचांवरच हवं. ड्वार्फ खेळणाऱ्यांना चॅफ कठीण का वाटतं, त्याचं उत्तर याच वजाबाकीत आहे.

एक धोका असा की ट्रूप मरतच नाही. या खेळात झालेल्या नुकसानात दोन फाशांची बेरीज मिळवायची आणि ती पथकाच्या नर्व्हच्या (धीराच्या) वरच्या आकड्याला पोचली की पथक उधळतं. नर्व्ह ११ आणि नुकसान ६ असेल तर दोन फाशांवर ५ किंवा अधिक पडायला हवेत. तसे ३६ पैकी ३० वेळा पडतात. म्हणजे दर सहा वेळांत एकदा तुमचे लांडगेस्वार टिकतात. पहिल्यांदा फार आनंद होतो. मग लक्षात येतं की ते डगमगलेत, धड हलत नाहीत आणि तुमच्याच हॉर्डची वाट अडवून बसलेत. म्हणून ट्रूप हॉर्डच्या बरोब्बर मध्यासमोर ठेवू नका, दोनेक इंच बाजूला सरकवा. हॉर्ड २०० मिलिमीटर रुंद असतं, ट्रूप १२५. एका बाजूने चार्जला वाट मोकळी राहील असं बघा.

पायरी ५: कोन

वॉरहॅमरमध्ये गणित बदलतं. तिथे शत्रूला मारून पळवणारं पथक त्याच दिशेने सरळ पुढे घुसतं, फाशांवर पडेल तितकं. चॅफ तुमच्या मोठ्या पथकाच्या थेट समोर, सरळ उभं केलं तर नाइट त्याला चिरडून तसेच तुमच्या अंगावर येऊन धडकतील. म्हणजे तुम्ही त्यांना दार उघडून दिलंत.

उपाय आहे चॅफ तिरकं उभं करण्याचा. कागदावर काढून बघा. शत्रू वर उत्तरेला, तुम्ही खाली दक्षिणेला. चॅफ तुमच्या डाव्या टोकाच्या पुढे ठेवा आणि त्याचं तोंड ईशान्येकडे करा. चार्ज करणाऱ्याला लक्ष्याच्या कडेशी समांतर व्हावं लागतं, म्हणून नाइट भिडले की त्यांचं तोंड आपोआप नैऋत्येला होतं. चॅफ मेलं की ते नैऋत्येला घुसतात, तुमच्या डाव्या बाजूने टेबलाच्या कडेकडे, जिथे मारायला कोणी नाही. आणि त्यांची डावी बगल आग्नेयेला, म्हणजे तुमच्या सैन्यासमोर उघडी. ५० पॉइंटात शत्रूचं सगळ्यात महाग पथक बगल उघडी पडलेलं मिळालं.

किंग्ज ऑफ वॉरमध्ये हाच डाव निम्माच चालतो, कारण तिथे मारल्यावर जागच्या जागी वळायची मुभा आहे. म्हणून तिथे अंतर आधी, कोन नंतर. वॉरहॅमरमध्ये कोन आधी. एका खेळाची सवय घेऊन दुसरा खेळायला बसलेले चांगले खेळाडूही इथे हमखास फसतात. तरी बगल मिळवून देणाऱ्या कोनाची किंमत किंग्ज ऑफ वॉरमध्येही मोठी आहे: बगलेवर चार्ज केला की तुमचे वार दुप्पट होतात, पिछाडीवर तिप्पट. शत्रूने चॅफ मारून तुमच्या एका पथकाकडे तोंड वळवलं की दुसऱ्याला बगल मिळेल अशी दोन पथकं दोन बाजूंना ठेवलीत, तर त्याने वळून काय साधलं?

जुन्या वॉरहॅमरच्या सहाव्या-सातव्या आवृत्तीत फ्रेंझीचा नियम असलेली पथकं होती. पल्ल्यात शत्रू दिसला की त्यांना चालून जाणं भागच. त्यांच्यासमोर गरुड ठेवला की ती नाकात वेसण घातल्यासारखी त्याच्या मागे जात. समोरच्याच्या यादीत असा नियम दिसला तर तुमच्या चॅफची किंमत दुप्पट धरा.

पायरी ६: पळणंही शिका

वॉरहॅमरच्या घराण्यात चार्ज आला की पथक उभं राहू शकतं किंवा पळू शकतं. पळालं तर चार्ज करणारा बहुधा पोचत नाही, थोडासा पुढे सरकून उघड्यावर थांबतो. चॅफ जिवंत, शत्रू अर्धवट जागी. वेगवान घोडदळ पळून, सावरून पुढच्या फेरीत पुन्हा तोच खेळ करू शकतं. रोमन सैन्यातले वेलिटेस, म्हणजे सगळ्यात तरुण आणि गरीब शिपाई, असेच पुढे जाऊन भाले फेकत आणि पायदळाच्या फटींतून मागे परतत. मरणं हा त्यांचा हेतू नव्हता.

पळण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. तुमच्या पळणाऱ्या पथकाच्या मागे, चार्ज करणाऱ्याच्या पल्ल्यात, तुमचंच दुसरं काही उभं आहे का? असेल तर तो मोर्चा तिकडे वळवू शकतो. आणि पथक उधळलं तर जवळच्यांना धास्ती बसते का? जुन्या वॉरहॅमरमध्ये ६ इंचांच्या आत मित्रपथक नष्ट झालं की बाकीच्यांना घाबरण्याची चाचणी द्यावी लागे. चॅफ मेलं म्हणून तुमचे निवडक योद्धे पळाले, तर त्यापेक्षा चॅफ घरीच ठेवलेलं बरं. किंग्ज ऑफ वॉरमध्ये ही भानगड नाही, आणि चार्ज आला म्हणून पळायची सोयही नाही.

वेळ कोणती?

याला पायरीचा आकडा देत नाही, कारण हे सगळ्यांतच आहे. चॅफ शत्रूच्या त्या फेरीत मरायला हवं, जिच्या नंतरच्या तुमच्या फेरीत तुमचं मोठं पथक घाव घालू शकतं. पहिल्या फेरीत पुढे पाठवलेलं चॅफ दुसऱ्या फेरीत मेलेलं असतं आणि तुमचं पायदळ अजून घरच्या कडेला असतं. तोवर झाडामागे, टेकडीमागे, मोठ्या पथकाच्या पाठीशी दडवा. पायदळ शत्रूपासून दहा-बारा इंचांवर आलं की मगच बाहेर काढा. सहसा दुसरी किंवा तिसरी फेरी.

आणि सगळं चॅफ एकदम टाकू नका. एक मेल्यावर डाव फसला तर दुसऱ्याने आणखी एक फेरी विकत घेता येते.

याखेरीज काय काय करता येतं

शत्रूच्या धनुर्धारींवर चॅफ चार्ज करून पाठवा. मारणार काहीच नाही, पण किंग्ज ऑफ वॉरमध्ये एक जरी जखम झाली तरी ते पथक विस्कळीत होतं आणि पुढच्या फेरीत बाण सोडू शकत नाही. ७० पॉइंटांच्या कुत्र्यांनी दीडशे-दोनशे पॉइंटांचे धनुर्धारी गप्प केले, हा सौदा वाईट नाही. तोफा आणि गोफणयंत्रं तर चॅफची हक्काची शिकार. तिथे ते खरोखर मारूही शकतं.

वॉरहॅमरमध्ये नाइट (म्हणजे रात्रीच्या) गॉब्लिनांच्या पथकात साखळीला गोळा बांधून गरगरणारे वेडे फॅनॅटिक लपलेले असतात. शत्रू ८ इंचांच्या आत आला की ते बाहेर सुटतात आणि वाटेत येईल त्याचा भुगा करतात. त्यांच्या जवळ आधी तुमची कुत्री जाऊ देत. तुमचं नाइट घोडदळ मागून, फॅनॅटिक सुटून गेल्यावर.

शेवटच्या फेरीत खजिन्याच्या जागेवर कोण उभं आहे यावर निकाल लागणार असेल तर एखादं वेगवान ट्रूप तोवर जिवंत ठेवा. बाकी सगळे लढण्यात गुंतलेले असतात आणि एक लांडगेस्वार कोपऱ्यातून येऊन सामना घेऊन जातो. समोरचा “पात्रांव, हे कुठून आलं?” म्हणतो तेव्हा फार बरं वाटतं.

समोरच्याकडेही चॅफ आहे

दोन जाणते खेळाडू बसले की पहिल्या दोन फेऱ्या चॅफविरुद्ध चॅफ अशाच जातात. ज्याचं शेवटचं चॅफ उरतं, त्याच्या मोठ्या पथकाला पहिला घाव मिळतो. म्हणून धनुर्धारींचे आणि जादूचे फासे सुरुवातीला त्याच्या ड्रॅगनवर उधळू नका. ड्रॅगनला ओरखडा येईल, तेवढंच. तेच बाण त्याच्या गरुडांवर मारले तर गरुड मरतील आणि ड्रॅगनला आडोसा उरणार नाही. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो, कारण ड्रॅगन मोठा दिसतो.

उडणाऱ्या शत्रूपुढे जमिनीवरचं चॅफ फारसं कामाचं नाही, तो वरून जातो. त्याला अडवायचं तर जिथे तो उतरू शकेल ती जागाच भरून टाका. समोर चार-पाच तोफा आणि धनुर्धारींचे ताफे असतील तर तुमचं चॅफ त्यांच्यापर्यंत पोचायच्या आतच संपेल. तिथे ते पॉइंट दुसऱ्या चिवट पथकावर घाला.

टेबलावरची रीत

कोन आणि इंचांवर एवढं अवलंबून आहे म्हटल्यावर भांडणं होणारच. ती चॅफ ठेवतानाच मिटवा, मारताना नाही. हात काढण्यापूर्वी मोठ्याने बोला: “मी इथून पाच इंचांवर ठेवतोय, तू चार्ज केलास तर असा समांतर होशील, बरोबर?” समोरच्याने हो म्हटलं की तबकडीच्या कोपऱ्यांशी दोन फासे ठेवून जागा पक्की करा. बेत उघड होतो हे खरं, पण चांगला ठेवलेला चॅफ समोरच्याला कळूनही त्याला काही करता येत नाही.

एक सराव

अख्खं सैन्य मांडू नका. एका बाजूला घोडदळाची एक रेजिमेंट, तबकडी १२५ × १०० मिलिमीटर, वेग ८. दुसऱ्या बाजूला पायदळाचं एक हॉर्ड, २०० × ८०, वेग ५, आणि त्याच्याबरोबर १२५ × ५० ची दोन वेगवान ट्रूपं. मधलं अंतर २४ इंच. पायदळवाला आधी खेळतो. त्याचं काम एकच: हॉर्डवर चार्ज होण्याआधी हॉर्डने चार्ज करायचा. नर्व्ह आणि जखमा बाजूला ठेवा, घोडदळ भिडलं की ट्रूप मेलं असं धरा.

पायदळ ५ इंच पुढे येतं, अंतर १९. घोडदळ ८ इंच पुढे, अंतर ११. आता ट्रूप हॉर्डच्या ५ इंच पुढे ठेवा, म्हणजे ते घोडदळापासून ४ इंचांवर येईल, आणि पुढे काय होतं ते खेळून बघा. मग बाजू बदला. घोडदळ घेऊन बसलात की ट्रूप मारायचं नाही, वळसा घालायचा, असं ठरवून खेळा, आणि त्या वळशात तुमच्या किती फेऱ्या गेल्या ते मोजा. तिसऱ्यांदा पायदळवाल्याकडचं एक ट्रूप काढून घ्या.